गळती शोधणारी बाई

भोईर मॅडमवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल सगळे चांगलंच लिहितात. मॅडम कुठेही गेलेल्या नाहीत, ठणठणीत आहेत, उरणच्या बाजूला स्कूटरवरून फिरतात. त्यांच्या कानावर हे गेलं तर जाऊ दे. मला राग आला की गप्प बसवत नाही, आणि या बाईचा राग आला की तिच्यासारखी दुसरी बाई आठवत नाही, म्हणून तो आणखी वाढतो.

पनवेलला एका जुन्या खाजगी इस्पितळासमोर माझं दुकान आहे. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, लोखंडी पलंग, कमरेचे पट्टे. विकतो, भाड्यानेही देतो. सुरुवात मोडक्या खुर्च्या दुरुस्त करण्यापासून झाली. मी वेल्डिंग करायचो आणि माझी बायको सुगंधा शिलाई मशीनवर खुर्च्यांच्या सीटा आणि पट्टे शिवायची. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते घासाघीस करून मिळवलेलं. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मान्य करणं मला आजही जमत नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

कुंदा भोईर त्या इस्पितळात फिजिओथेरपी विभागाच्या प्रमुख होत्या. अंगाने आडव्या, केस मागे घट्ट बांधलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हातात ना बांगडी ना घड्याळ. पेशंटला टोचतं म्हणायच्या. त्यांच्या वडिलांचं खाडीकाठी मिठागर होतं, आमच्याच बाजूला. ते केव्हाच भरावाखाली गेलं, पण मॅडमच्या बोलण्यातून गेलं नाही. मिठागरात पाणी कमी पडलं की नवखा मालक मजुरांवर ओरडतो, त्यांचे वडील म्हणे आधी बांधावरून चालत जायचे. कुठेतरी खेकड्याने बीळ केलेलं असायचं आणि पाणी त्यातून झिरपत असायचं. मॅडम इस्पितळात तसंच चालायच्या. कुठे वेळ वाया जाताना दिसला की म्हणायच्या, "ही बघा गळती."

मला वाटायचं, फिजिओथेरपिस्ट म्हणजे दिवसभर पेशंटचे हातपाय हलवणारा माणूस. समोर दुकान थाटून इतकी वर्षं बसलो तेव्हा कळलं की त्याचा निम्मा दिवस पेशंटपर्यंत पोचण्यातच जातो. वर वॉर्डात जावं तर पेशंट सोनोग्राफीला गेलेला. दुसऱ्याकडे जावं तर त्याचा नाश्ता चालू. तिसऱ्याला खाली आणायचं तर खुर्ची नाही, खुर्ची मिळाली तर ढकलणारा वॉर्डबॉय नाही. सगळं जुळून येईपर्यंत डॉक्टरांचा राउंड येतो. मग फिजिओथेरपीची पोरं हिरमुसून खाली येतात आणि पेशंटचे नातेवाईक म्हणतात, हे लोक काही करत नाहीत.

मॅडम आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी व्यायामाच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेरच्या पॅसेजमध्ये टांगलं. इस्पितळाच्या मालक डॉक्टरांनी विचारलं, हे काय. मॅडम म्हणाल्या, "आत वेळ वाया जात नाही, सर. बाहेर जातो. जिथे जातो तिथे दिसू दे."

पोरांना त्या कधी 'लवकर आवर' म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. रुचिता नावाची एक नवीन मुलगी होती, हुशार, जरा घाबरट. ती एकदा पॅसेजमधून धावत निघाली. मॅडमनी तिला थांबवलं. "धावतेस कशाला? तुला धावावं लागतंय म्हणजे मीच काहीतरी चुकीचं लावलंय. कुठून कुठे चाललीस ते सांग." त्या मुलीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या वाळूच्या पिशव्यांचं कपाट खालच्या मजल्यावरून वर गेलं होतं.

माझी त्यांच्याशी पहिली गाठ खुर्च्यांवरून पडली. दुकानात आल्या, मी भाव सांगितला, त्यांनी ऐकलाच नाही.

"भाव नंतर, शेठ. आधी सांगा, खुर्चीच्या मागे एक उभा दांडा जोडून मिळेल?"

"सलाईनचा ना? तो मिळतो."

"त्याहून उंच. तुमच्या डोक्याच्या वर गेला पाहिजे."

"झेंडा लावताय काय मॅडम?"

"एक्स-रेच्या दाराला अडला पाहिजे."

त्या इस्पितळात एक्स-रेची खोली जिन्याखाली, दार बुटकं. कुणालाही एक्स-रेला न्यायचं झालं की वॉर्डवाले फिजिओथेरपीची खुर्ची उचलायचे, पेशंटला आत न्यायचे आणि खुर्ची तिथेच सोडून यायचे. मॅडमची पोरं मग मजलोमजली खुर्च्या शोधत. चिठ्ठ्या लावून झाल्या, साखळ्या लावून झाल्या, भांडणं झाली. शेवटी मॅडमनी दाराची उंची मोजली.

"लिफ्टमधून जाईल, वॉर्डात जाईल, माझ्या हॉलमध्ये येईल," त्या म्हणाल्या. "फक्त जिन्याखाली शिरणार नाही."

मी दांड्यांचे वेगळे पैसे लावायला गेलो. मॅडम म्हणाल्या, "मागच्या बोळात पाइप पडलेत ते जोडा. मी तिकडूनच आले." मी ते पैसे सोडले. माझ्या दुकानात येणारा माणूस आधी मागचा बोळ बघून येतो, असं तोवर घडलं नव्हतं.

चारच दिवसांत एक्स-रेवाला माझ्याकडे तणतणत आला. "शेठ, असल्या बांबू लावलेल्या खुर्च्या कुणी बनवल्या? पेशंट दारात अडकतोय." मी विचारलं, तुमची स्वतःची खुर्ची कुठे आहे? ती पंक्चर होऊन कोपऱ्यात पडली होती, कुणाला गरजच वाटली नव्हती. संध्याकाळी ती माझ्याकडे दुरुस्तीला आली. मॅडमना हे सांगितलं तर त्या नुसत्या मान हलवून म्हणाल्या, "एक बीळ बुजलं."

वॉर्डात एकदा मी पलंग पोचवायला गेलो होतो, तेव्हाचं आठवतं. शकीला मावशी म्हणून बायकांच्या वॉर्डात आया होत्या, तोंडाने तिखट. सगळा वॉर्ड त्यांना टरकून. मॅडम त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांच्याच किटलीतला चहा पीत होत्या.

"तुमची पोरगी येते तेव्हा माझा स्पंज चालू असतो," शकीला मावशी म्हणत होत्या. "पेशंटला ओली ठेवून बाजूला होऊ काय मी?"

"नका होऊ. पण आधी कुणाचा स्पंज आणि नंतर कुणाचा, हे आपण दोघींनी ठरवलं तर?"

"आमच्याशी मशवरा करतंय कोण? वरून हुकूम येतो, बस."

"मी करतेय ना. तुम्हाला काय हवं ते बोला."

शकीला मावशींनी कप खाली ठेवला. ती नजर मी ओळखतो, सौदा सुरू झाला की माणसाचे डोळे तसे बारीक होतात. "पेशंट पलंगावर असला की चादर बदलायला दोघी लागतात. तुमची पोरं व्यायाम झाला की त्याला परत झोपवून जातात. झोपवायचं नाही. खुर्चीत बसवायचं. तेवढ्यात मी एकटी चादर बदलते."

"बसवायलाच पाहिजे. आमच्या दृष्टीने बसणं हाही व्यायामच. ठरलं?"

"ठरलं. पण खुर्ची पलंगापाशी पाहिजे. मी शोधत फिरणार नाही."

"खुर्च्या ह्या शेठच्या आहेत," मॅडम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आता कुठे पळत नाहीत."

त्यानंतर त्या वॉर्डात व्यायाम करवायला आलेली पोरं रिकामी परत गेली नाहीत. दोन्ही बाजूंनी काही सोडलं नाही आणि दोघींनाही मिळालं, असा सौदा मी आयुष्यात फार पाहिलेला नाही. मी करायला गेलो की एक बाजू रडतेच.

इथवर माझा राग नव्हता.

मग एका सकाळी दुकानात पट्टा शिवता शिवता सुगंधाचा डावा हात मशीनवरून खाली घसरला. तिने तो उजव्या हाताने उचलून परत कापडावर ठेवला. तो परत घसरला. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड वाकडं झालं होतं. रस्ता ओलांडून समोरच नेलं, त्यामुळे जीव वाचला. पाय हळूहळू परत आला. हात आला नाही. त्याची मूठ झाली, अंगठा आत.

सुगंधाला पायाची फिकीर नव्हती. बोलता यायला लागल्यावर ती पहिल्यांदा हेच म्हणाली, "लंगडत चालेन. हात द्या म्हणावं. एका हाताने मशीन चालत नाही."

मी मॅडमकडे गेलो. सगळ्या पेशंटना अर्धा तास मिळायचा. मी म्हटलं, "पाऊण करा. तुमचा आमचा संबंध आहे."

"संबंध आहे म्हणून सांगते," मॅडम म्हणाल्या. "तुमचा वेळ वाढेल, पण तो देणार तुम्हीच. हॉलमध्ये येऊन उभे राहता, तिच्याशी बोलता, रुचिताला प्रश्न विचारता, फोन आला की घेता. वहिनी हाताकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतात. शेठ, गळती तुम्ही आहात."

कुणी तोंडावर असं बोललं की माझा हात उठायचा बाकी राहतो. त्या दिवशी मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसलो, त्या घड्याळाखाली. काचेतून आतलं दिसायचं.

रुचिता सुगंधाचा हात करायची. 'हात करणं' हा त्यांचाच शब्द. ती मूठ धरायची आणि बराच वेळ काहीच करायची नाही. मला वाटलं, पोरगी झोपली की काय. नंतर मॅडमनी समजावलं. झटका आलेल्या हाताची मूठ घाईने उघडायला गेलं की ती उलट घट्ट होते. धरून ठेवायची, वाट बघायची, बोटं आपोआप सैल व्हायला लागली की त्यांच्यामागे जायचं. आणि अंगठा सगळ्यात शेवटी. निम्मा वेळ तर हात सैल होण्यातच जातो, खरं काम त्यापुढे.

असे बरेच आठवडे गेले. एक दिवस रुचिताने सुगंधाच्या डाव्या हाताखाली कापडाचा तुकडा ठेवला आणि उजव्या हाताने ओढायला सांगितलं. तुकडा निघाला, पण लगेच नाही. डाव्या हाताने तो क्षणभर धरला होता. काचेपलीकडून सुगंधाने मला मान डोलावून दाखवली. मशीनवर कापड असंच धरतात.

त्याच सुमारास इस्पितळात नवीन मॅनेजर आला. खारघरचा, तरुण, टापटीप, सगळ्यांना नावाने हाक मारणारा. त्याने प्रत्येक विभागाला विचारलं, तुमच्याकडे वेळेची बचत किती होते. बाकीचे विभाग गडबडले. मॅडम खूश झाल्या. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारत होतं.

मॅनेजरने त्यासाठी बोलावलेल्या सभेच्या आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या होत्या. मला म्हणाल्या, "उद्या सगळं दाखवते. आधी पोरांचा वेळ कुठे जायचा, आता पेशंटच्या हातापायावर किती जातो."

मी वेल्डिंगचा चष्मा काढला. "मॅडम, सांगू नका."

"का?"

"वाचलेलं समोरच्याला कधी दाखवायचं नसतं. दाखवलं की ते त्याचं होतं."

"मग खोटं सांगू?"

"खोटं कुठे म्हणतोय. गप्प बसा. विचारलं तर म्हणा, ओढाताण आहे, अजून एक माणूस द्या."

"शेठ, लपवून ठेवलं तर दुसऱ्या इस्पितळातल्या पोरांना कळणार कसं की हे असं करता येतं?"

"दुसऱ्या इस्पितळाचं तुम्हाला काय पडलंय?"

त्या हसल्या आणि चहा न पिता गेल्या. मला तेव्हाच समजायला हवं होतं, की ज्या बाईला वाया गेलेला वेळ बघवत नाही तिला वाचलेला वेळ लपवताही येणार नाही. दोन्ही तिच्या दृष्टीने गळतीच.

सभेत टाळ्या झाल्या. पुढच्या महिन्यात कंत्राटावरच्या दोघा फिजिओथेरपिस्टना कमी केलं. त्यात रुचिता होती. पेशंट तेवढेच, माणसं कमी, म्हणून प्रत्येकाचा वेळ निम्मा. मॅडम भांडायला गेल्या तेव्हा मॅनेजर अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर दाखवलंत की कमी वेळात होतं."

मी धंदेवाला माणूस. मला वाटलं, निम्मा वेळ म्हणजे निम्मं काम, फार तर दुप्पट दिवस लागतील. तसं नसतं. मूठ सैल होते न होते तोच वेळ संपायचा. पुढचा पेशंट खुर्चीत येऊन थांबलेला असायचा, कारण आता खुर्च्याही वेळेवर यायच्या, वॉर्डही वेळेवर सोडायचा, सगळं मॅडमनी बसवलेलं. ज्या वेळात बोटांच्या मागे जायचं तोच वेळ गेला. काही आठवड्यांत सुगंधाचा अंगठा परत आत जाऊन बसला.

मी पॅसेजमध्ये मॅडमना गाठलं. राग आला की माझी गावची भाषा बाहेर येते. "मी सांगलं व्हतं ना तुमाला? सांगलं व्हतं का नाय? तुमी आमचा हात दिला त्यांना." लोक जमा झाले. शकीला मावशी पदर तोंडाला लावून बघत होत्या.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच भाषेत म्हणाल्या, "हाय, दिला. आता आत चला, वहिनी वाट बघतान." आणि वळून हॉलमध्ये गेल्या. भांडणाऱ्या माणसाचं यात काय होतं हे ज्याला भांडायची सवय आहे त्यालाच कळेल.

त्यानंतर त्या स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत सुगंधाचा हात करायला लागल्या. आठ-दहा दिवस चाललं. मग इतरांना कळलं. पॅसेजमध्ये आणखी पेशंट येऊन त्याच आशेने बसू लागले, आणि मॅडमना एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येईना. मी म्हटलं, आमचं आधी सुरू झालंय. त्या म्हणाल्या, "त्यांचा आजार आधी सुरू झालाय." ते बंद झालं.

एका दुपारी दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

"शेठ, त्यांच्याशी कसं बोलायचं ते सांगा."

मी राग बाजूला ठेवला. घासाघीस शिकायला कुणी आलं की मला नाही म्हणवत नाही. म्हटलं, "तुमचं काय गेलं ते सांगू नका. त्याचं काय जातंय ते सांगा. त्याला पलंग रिकामे हवेत. म्हणा, व्यायामाचा वेळ कापल्यापासून पेशंट उशिरा उठतात, पलंग अडून राहतात. उद्याच जाऊन म्हणा."

मॅडमचे डोळे चमकले. मग म्हणाल्या, "पण हे खरं आहे का ते आधी बघावं लागेल."

मी कपाळाला हात लावला. त्या खरंच बघत बसल्या. वॉर्डावॉर्डात जाऊन, शकीला मावशींना विचारून, महिनोन्‌महिने. ते खरं निघालं. पण तोपर्यंत मॅनेजरचा पुढच्या वर्षाचा आराखडा ठरून गेला होता. तो म्हणाला, छान मुद्दा आहे, पुढच्या वेळी घेऊ.

मॅडमनी नोकरी सोडली. मला सांगायलाही आल्या नाहीत, शकीला मावशींकडून कळलं. उरणकडच्या गावांत घरोघरी जाऊन पेशंट बघतात म्हणे. मी फोन केला नाही. आधी त्यांनी माझ्या बायकोचा वेळ घालवला, आणि मग भांडायला समोर माणूसही ठेवला नाही. हा माझा राग. तो रास्त आहे, असं मी अजून समजतो.

परवा सुगंधाला घेऊन पेणला नातेवाइकांकडे निघालो होतो. पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे काहीतरी बंद पडलं होतं, मागे कंटेनरचे ट्रेलर एकाला एक लागून. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होतो. गाड्यांच्या फटीतून एक स्कूटर वाट काढत आली आणि सुगंधाच्या बाजूला थांबली. पांढरे बूट दिसले.

"वहिनी, कशा आहात?" हेल्मेट काढायच्या आधीच मॅडमनी विचारलं. माझ्याकडे पाहिलं. "शेठ."

मी मान वळवली.

सुगंधाने काच पूर्ण खाली केली. उजव्या हाताने डावा हात उचलून तिने खिडकीच्या कडेवर ठेवला. मॅडमनी स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पुढचं मोकळं झालं. समोरची गाडी गेली, तिच्या पुढची गेली, आमच्यापुढे रिकामा रस्ता पडला. मागच्या ट्रेलरने हॉर्न दिला, त्याच्या मागच्याने दिला, मग सगळ्यांनीच. मॅडमनी मान वर केली नाही. सुगंधाचीही नजर हातावरच होती. मी गिअरवर हात ठेवला आणि पाहिलं, करंगळी सुटली होती. तिच्या शेजारचं बोट सुटत होतं.

मी गिअर सोडला, दार उघडून खाली उतरलो आणि मागे ट्रेलरसमोर जाऊन उभा राहिलो.

"ओ काका, रस्ता खुला है, गाडी बढाओ," ड्रायव्हर वरून ओरडला. "बंद पड गई क्या?"

"चालू आहे. थांब."

"अरे कितना टाइम लगेगा?"

मी मागे वळून बघितलं. चार बोटं खिडकीच्या पत्र्यावर सरळ पडली होती. अंगठा आतच होता, आणि मॅडमनी त्याला अजून हातही लावला नव्हता.

"थांब म्हटलं ना," मी म्हणालो, आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिलो.